दहा मिनिटांत पाच बातम्या, आणि तपासायला कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रकार दिनानिमित्त जळगावात झालेल्या पत्रकारांसाठीच्या एआय कार्यशाळेची बातमी आपल्या अंकात फोटोसह वाचली. ‘उदंड प्रतिसाद’ हा मथळा वाढवून लिहिलेला नव्हता. मी तिथे होते. खुर्च्या कमी पडल्या होत्या आणि तालुक्यांहून आलेली बरीच मुलं दाराशी उभी राहून पडद्याचे फोटो काढत होती. पुढची कार्यशाळा शहाद्याला घेणार असल्याचं बातमीच्या शेवटच्या ओळीत आहे. ती ठरण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलंय. कात्री लावायची तर जरूर लावा, फक्त हतनूर धरणाचा भाग कापू नका.

जळगावला मार्गदर्शक पुण्याहून आले होते. बोलणं गोड, तयारी चोख. त्यांनी एक प्रेसनोट चॅटजीपीटीत टाकली आणि दहा मिनिटांत तिच्या पाच बातम्या केल्या. अंकासाठी एक, वेबसाइटसाठी एक, फेसबुकसाठी चार ओळी, रीलचं निवेदन आणि वर इंग्रजी भाषांतर. टाळ्या पडल्या. पडणारच. तहसील, पोलीस ठाणं, बाजार समिती असं दिवसभर फिरून ज्याला रात्री आठच्या आत सगळं मोबाईलवर टाइप करून पाठवायचं असतं, त्या पोराला हे बघून हायसं वाटलं तर नवल काय? मग शेवटच्या पंधरा मिनिटांत ‘जबाबदारीने वापरा’ अशी स्लाइड आली. तिच्यावर ‘फॅक्ट चेक करा’ असं लिहिलेलं होतं. ते कसं करायचं, हे नव्हतं. तेवढ्यात चहा आला.

माझी तक्रार मार्गदर्शकांबद्दल नाही, वेळेच्या या वाटणीबद्दल आहे. सगळा दिवस लिहिण्याला आणि पंधरा मिनिटं तपासण्याला. आपल्या धंद्यात ओळी पाडणं कधीच अवघड नव्हतं. प्रेसनोट फिरवून लिहिणारी माणसं प्रत्येक तालुक्यात होती, आजही आहेत. अवघड असतं ते पान छपाईला सोडण्याआधी थांबून ‘हे खरं आहे का’ म्हणून विचारणं. यंत्राने नेमकं सोपं काम आणखी सोपं केलंय आणि अवघड काम होतं तिथेच ठेवलंय. उलट ते वाढवलंय, कारण आधी वाईट बातमी वाचताक्षणी वाईट दिसायची. आता ती देखणी दिसते.

मी भुसावळची. छापखान्यात कॉपी होल्डर म्हणून लागले. आताच्या मुलांना हा शब्दच माहीत नाही. मुद्रितशोधक समोर प्रूफ घेऊन बसायचे आणि मी मूळ कागद हातात धरून ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची. स्वल्पविरामसुद्धा म्हणून दाखवायचा. पुढे डेस्कवर आले, उपसंपादक म्हणून निवृत्त झाले आणि आता पत्रकारितेच्या पदविका वर्गाला संपादन शिकवते. मधल्या काळात कॉपी होल्डर गेला, मागोमाग मुद्रितशोधकही गेला. संगणक आल्यावर मालकांना त्या दोन्ही खुर्च्या बिनकामाच्या वाटल्या. जिथे दुसऱ्यांदा वाचणारं कोणी उरलेलं नाही, अशा कचेऱ्यांत एआय आलंय. म्हणून मला त्याची काळजी वाटते. एरवी वाटली नसती.

आता हतनूर. वर्गात मी मुलांना एक प्रेसनोट देते. ती माझीच तयार केलेली, पण पाटबंधारे खात्याच्या नमुन्याबरहुकूम. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले, तापीत ३ हजार क्युमेक विसर्ग, वेळ अमुक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. मुलांना म्हणते, एआयकडून हिची दीडशे शब्दांची बातमी करून घ्या आणि पानाला लावायला द्या. बातमी येते छान. मथळा येतो, उपमथळा येतो, ‘तापीने रौद्ररूप धारण केले’ हेही येतं. आणि मधेच कोणाच्या तरी बातमीत ‘३ हजार क्युसेक’ झालेलं असतं.

क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका क्युमेकात ३५ क्युसेक बसतात. म्हणजे ३ हजार क्युमेक हा लाखाच्या वर क्युसेकचा पूर झाला. ‘३ हजार क्युसेक’ वाचून चोपड्याकडचा काठावरचा शेतकरी म्हणेल, एवढं तर पावसाळ्यात येतंच, नदीतली मोटार सकाळी काढू. लाखाचा आकडा वाचला असता तर तो रात्रीच दोर आणि ट्रॅक्टर घेऊन निघाला असता. मोटार, पाइप, केबल मिळून किती हजारांचा माल पाण्यात जातो, हे नदीकाठच्या माणसाला विचारा. खाली शहादा तालुक्यातच तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे, आहेत. म्हणजे हा कागद शहाद्यातही जसाच्या तसा चालेल.

असं का होतं, हे मुलांना एकदा कळलं की पुढचं शिकवणं हलकं होतं. यंत्राला हतनूर माहीत नाही, पाणीही माहीत नाही. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो, याचा अंदाज ते बांधतं. पुराच्या मराठी बातम्यांत क्युसेक जास्त वेळा येतो, म्हणून तेही तिकडे घसरतं. त्याच ओढीने बातमीच्या शेवटी ‘नागरिकांनी घाबरून न जाता प्रशासनास सहकार्य करावे, असे आवाहन जिल्हाधिकाऱ्यांनी केले आहे’ हे वाक्य येतं. माझ्या प्रेसनोटमध्ये जिल्हाधिकारी नाहीतच! पण मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षं प्रत्येक पुराला हे शेपूट लावलं आणि यंत्राने ते पाठ केलं. एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, वाक्य तर चांगलंच आहे, कोणाचं काय बिघडलं?” बिघडलं हे की जो माणूस बोललाच नाही, त्याच्या तोंडी आपण वाक्य घातलं. आज ते आवाहन आहे. उद्या एखाद्या सरपंचाच्या तोंडी आरोप असेल आणि अब्रुनुकसानीची नोटीस कचेरीत येईल, ती यंत्राच्या नावाने येणार नाही.

मग मी त्यांना माझं जुनं काम करायला लावते. दोघादोघांनी बसायचं. एकाच्या हातात मूळ प्रेसनोट, दुसऱ्याच्या हातात तयार बातमी. बातमीतला प्रत्येक आकडा, नाव, हुद्दा, वेळ, मोजमाप आणि ‘अमुक म्हणाले’ याखाली रेघ मारायची. रेघेखालच्या प्रत्येक गोष्टीला मूळ कागदात बोट ठेवता आलं पाहिजे. नाही ठेवता आलं तर फोन करायचा. फोन लागला नाही तर ती गोष्ट खोडायची. याला इंटरनेट लागत नाही की इंग्रजी लागत नाही. सरावाने दहा-पंधरा मिनिटांत होतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या लोकांना नियम घालून दिला, तो हेच सांगतो: एआयने दिलेला मजकूर हा पडताळणी न झालेली माहिती समजायचा आणि बाकीच्या माहितीला जो निकष लावता तोच त्यालाही लावायचा. आमच्या भुसावळच्या छापखान्यात याला वेगळं नाव नव्हतं, एवढंच.

रावेर-यावलकडून येणाऱ्या मुलांना मी केळीचा कागद देते. केळीवर सीएमव्ही, म्हणजे आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो रोग आलाय, शेतकऱ्यांसाठी सल्ला लिही, असं यंत्राला सांगायचं. कधी उत्तर बरोबर येतं. कधी त्यात बुरशीनाशकाच्या फवारण्या येऊन बसतात, कारण केळी आणि रोग म्हटलं की करप्याचा मजकूर भरपूर सापडतो आणि करपा बुरशीचा आहे. हरण्या विषाणूचा. मावा तो पसरवतो, त्यावर औषध नाही, रोगट झाडं उपटून नष्ट करणं आणि मावा आटोक्यात ठेवणं हाच मार्ग. चुकीचा सल्ला कृषी पुरवणीत छापून आला तर शेतकरी फवारणीवर पैसे घालील आणि रोगट झाडं बागेत उभी ठेवील. ही चूक वर्गात मी पकडत नाही, मुलंच पकडतात. ज्यांच्या घरी बाग आहे ती मुलं पहिल्याच वाचनात हसतात. शेती माहीत नसलेल्या उपसंपादकाला ते हसू येणार नाही, म्हणून कृषी पुरवणीचं पान कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला दाखवल्याशिवाय सोडू नये.

आपल्या भागाबद्दल यंत्राला तुटपुंजं माहीत आहे, हे शिकवणाऱ्यांनी आधी सांगायला हवं. बहिणाबाईंची माहिती विचारली की ते कधी कधी असोद्याच्या आपल्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) आणि तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई यांची सरमिसळ करून एकच बाई उभी करतं. ओळी मागितल्या तर त्यांच्या नसलेल्या ओळी छंदात बसवून देतं. गावात नवख्याने रस्ता विचारला की स्वतःला माहीत नसतानाही हात करून ‘असंच सरळ जा’ म्हणणारा एक माणूस पारावर असतोच, तसं हे आहे. मुंबई-दिल्लीबद्दल चुकलं तर दहा जण ओरडतात. धडगाव-अक्कलकुव्याबद्दल चुकलं तर ओरडणारं कोणी नाही. आणि आज आपण छापलेलं चुकीचं उद्या इंटरनेटवर जाणार आणि परवा यंत्र तेच खरं म्हणून सांगणार.

मोठ्या पत्रांचं काय झालं तेही मुलांना सांगते, म्हणजे हे खेड्यातलंच दुखणं आहे असं वाटायला नको. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ने उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापली. १५ पैकी १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं खोटी. पुरवणी बाहेरून तयार होऊन आली होती. लिहिणाऱ्याने एआयकडून यादी घेतली आणि तपासली नाही, देणाऱ्या संस्थेने तपासली नाही, छापणाऱ्यानेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्या ‘डॉन’मध्ये वाहनविक्रीच्या बातमीखाली यंत्राचं वाक्यच छापून आलं: हवी असल्यास पहिल्या पानाला शोभेल अशी आणखी चटकदार आवृत्ती करून देऊ का, अशा अर्थाचं. जुनं, नावाजलेलं पत्र. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण बघा, ते वाक्य शेवटच्या ओळीत होतं. म्हणजे पान लागताना शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचलंच नव्हतं! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे सापडतच नव्हते, आणि एआयने दिलेलं ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका असं बजावलं. त्याच महिन्यात युरोपातल्या सार्वजनिक प्रसारकांच्या संघाने बीबीसीसोबत केलेला अभ्यास आला. १४ भाषांत बातम्यांविषयी एआयला प्रश्न विचारले आणि उत्तरं पत्रकारांकडून तपासून घेतली. ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष निघाला. आपल्या मराठीचं असं मोजमाप आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाने करावं, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने का करू नये?

दुसरी गोष्ट जळगावला कोणी काढलीच नाही, ती गुप्ततेची. पोलीस ठाण्यातून एफआयआरची प्रत व्हॉट्सअॅपवर येते. ती उचलून यंत्रात टाकायची आणि ‘बातमी कर’ म्हणायचं, ही सवय लागलेली मी पाहते आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याच्या त्या प्रतीत मुलीचं नाव असतं, वडिलांचं नाव, गाव, शाळा असं सगळं असतं. ते आपण परक्या कंपनीच्या संगणकाला देऊन बसलो. पुढे यंत्राने बातमी केली आणि नाव गाळलं, पण ‘अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत शिकणारी’ हे ठेवलं. हजार वस्तीच्या गावात सातवीत मुली किती असणार? पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, किंवा ओळख पटेल असं काहीही माध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही. यंत्राला हे सांगितलं तर ते ‘हो’ म्हणतं आणि तरीही विसरतं. वर्गात मी खोटी एफआयआर देते आणि मुलांना ती काळ्या शाईने मिटवायला लावते. आधी हाताने मिटवायची, मग हवी तर यंत्राला दाखवायची. पहिल्या खेपेस जवळपास सगळे नाव मिटवतात आणि मामाचं गाव तसंच ठेवतात. जो माणूस आपलं नाव येऊ नये म्हणून विनवतो, त्याच्या बोलण्याचं रेकॉर्डिंगही असंच. ते यंत्राला ऐकवायचं नाही, इतका साधा नियम पुरे.

रेकॉर्डिंगवरून आठवलं. बोललेलं लिहून देणारी यंत्रं फार कामाची आहेत, तासाभराच्या भाषणाचे कष्ट वाचतात. पण अमळनेरकडच्या एका आजींचं अहिराणी बोलणं माझ्या विद्यार्थ्याने त्यात घातलं तर बाहेर आलं ते पुस्तकी मराठी. बरंच त्या म्हणाल्याच नव्हत्या. आणि त्या बोलता बोलता गप्प झाल्या, तिथे यंत्राने ‘व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद’ असं लिहून ठेवलं. सगळा वर्ग हसला. पण हे आपल्याच बोलीपुरतं नाही. ओपनएआयच्या व्हिस्पर नावाच्या यंत्राचा अभ्यास २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी बोलण्याच्याही सुमारे एक टक्का तुकड्यांत कोणी न उच्चारलेली वाक्यं सापडली, आणि बोलताना जे जास्त थांबतात त्यांच्या बाबतीत जास्त. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषेखाली, म्हणजे अहिराणी धरून, १८ लाखांहून जास्त लोक मोजले गेले. एवढ्या लोकांचं म्हणणं यंत्राच्या भरवशावर छापायचं असेल तर रेकॉर्डिंग पुन्हा कानाला लावून ऐकलंच पाहिजे.

फोटो आणि व्हिडिओबद्दल कार्यशाळेत ‘बोटं मोजा, सहा असतील तर बनावट’ असं सांगितलं गेलं. हे आता जुनं झालं. यंत्र पाच बोटं काढायला शिकलंय. आणि एआयने केलंय का हे एआयलाच विचारा, हा सल्लाही घातक. ओपनएआयने स्वतःचं असं लिखाण ओळखणारं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून स्वतःच बंद केलं. त्यापेक्षा साधे प्रश्न शिकवा. हा व्हिडिओ पहिल्यांदा कोणी पाठवला? त्याला कोणाकडून आला? पूल कोणता, दुकानाची पाटी कोणती, अंगावर स्वेटर आहेत आणि बातमी मेची आहे का? त्या गावच्या पोलीस पाटलाचा नंबर आपल्याकडे आहे का? दर पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ असं जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं बनावट पत्र फिरतं. उद्या ते त्यांच्या आवाजात फिरेल. तेव्हा बोटं मोजून काय होणार?

खान्देशात हे शिकवताना राईनपाड्याचं नाव घ्यावंच लागतं. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. तेव्हा असलं एआय कोणाच्या हातात नव्हतं. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर आणि जुने व्हिडिओ पुरेसे झाले. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होता. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा शाळेत होती, त्यांना हे ऐकीव माहीत आहे. मी त्यांना एवढंच विचारते: त्या आधीच्या आठवड्यात तुम्ही साक्रीचे वार्ताहर असता आणि तो व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला असता, तर कोणाला फोन केला असता? पाच नावं लिहा. ज्याला पाच नावं लिहिता येत नाहीत, त्याला प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, कितीही छान लिहिता आला तरी माझ्या हिशेबी तो अजून वार्ताहर झालेला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई यंत्राच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक घ्या, जाडजूड पुस्तक, तेही स्कॅन केलेलं. त्यातून गेल्या वर्षी तरतूद होती पण खर्च झाला नाही अशा बाबी काढून दे, असं सांगितलं की यंत्र मिनिटात यादी देतं. आधी यात डोळे फुटायचे, म्हणून कोणी करायचंच नाही. यादीतल्या ज्या बाबी छापायच्या, त्या पुस्तक उघडून पानावर बोट ठेवून बघायच्या, बस्स. मात्र स्कॅन पुसट असेल तर ३ चा ८ होतो, आणि युनिकोडच्या आधीच्या जुन्या श्रीलिपी टंकातल्या फाइलचा मजकूर उचलला तर नुसती अगम्य अक्षरं येतात. यंत्र न लाजता त्यातूनही अर्थ लावून दाखवतं. इंग्रजी मिलियनचे लाख-कोटी करतानाही त्याची गडबड होते. एवढं सांभाळलं तर नंदुरबारचा एकटा वार्ताहर जे आजवर मुंबईच्या पत्रांनाच जमायचं ते करू शकेल. कार्यशाळेत रीलच्या निवेदनाऐवजी हे दाखवलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

आता थोडं कटू. तालुक्याच्या वार्ताहराला मिळतं ते मानधन पेट्रोलला पुरत नाही. पोट चालतं ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींच्या कमिशनवर. त्याला आपण पाच बातम्यांऐवजी पंधरा पाठवायचं यंत्र हातात देतो आणि तपासण्याचा वेळ मात्र त्याने घरचा घालायचा. मग तो नाही तपासत. त्याला बोल लावून उपयोग नाही. डेस्कवर एक उपसंपादक तीन-तीन तालुक्यांची पानं सोडतो, तोही नाही तपासत. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टायपात आपण एक ओळ छापतो: मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि बातम्यांच्या निवडीची कायद्याने जबाबदारी कोणाची. वृत्तपत्र नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याच्या जागी आता २०२३ चा कायदा आला, ती ओळ राहिलीच. तिच्यात यंत्राचं नाव नाही, शहाद्याच्या वार्ताहराचंही नाही. आपलं आहे, संपादकसाहेब.

काही पत्रं बातमीखाली ‘एआयच्या साहाय्याने’ अशी टीप टाकू लागली आहेत. टाकावी, वाचकाला कळलेलं बरं. पण टीप टाकली म्हणजे तपासणी झाली असं नव्हे. ‘दुधात पाणी आहे’ अशी पाटी लावून दूध विकता येत नाही. मला विचाराल तर टीपेपेक्षा डेस्कवर एक वही ठेवा. ज्या बातमीला यंत्राचा हात लागला, तिच्यासमोर मूळ कागद कोणता, कोणी कोणाशी ताडून पाहिलं आणि फोन कोणाला केला, इतकं लिहून सही. आणि अंकात दुरुस्तीची जागा ठरलेली असू द्या. रोज एकाच पानावर, एकाच कोपऱ्यात. चूक झाल्यास ती तातडीने आणि ठळकपणे दुरुस्त करा, असं भारतीय प्रेस परिषदेचे पत्रकारितेचे निकषही सांगतात. प्रत्यक्षात चूक पहिल्या पानावर आणि दिलगिरी सातव्या पानावर निविदांच्या खाली असते.

तेव्हा शहाद्याबद्दल माझी विनंती अशी. दिवसाचा पहिला अर्धा भाग यंत्राशिवाय असावा: प्रेसनोट, एफआयआर, पीक सल्ला असे इथलेच कागद, हातात पेन्सिल. यंत्र दुपारी उघडा. मार्गदर्शक पुण्याचे चालतील, पण त्यांच्या शेजारी तालुक्यात वीस-पंचवीस वर्षं बातमीदारी केलेला एखादा माणूस बसवा आणि पावरी-भिलोरी बोली जाणणारा एक जण सातपुड्यातून बोलवा. माझ्याकडचे सरावाचे कागद मी झेरॉक्स करून देईन. मानधन नको, भुसावळहून जाण्या-येण्याची सोय केली तर पुरे, गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत.

आणि एक विचारायचं राहिलं. जळगावला समोर बसले होते ते सगळे वार्ताहर. डेस्कवरचा एकही माणूस नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, पानं कोण सोडणार म्हणून कोणाला रजा दिली नव्हती. शहाद्याच्या वेळी आपण आपल्या डेस्कच्या दोघांना तरी त्या दिवशी मोकळं करणार का, आणि त्या रात्री त्यांची पानं कोण बघणार, हे कार्यशाळेच्या निमंत्रणासोबत छापावं.

कळावे,
एक निवृत्त उपसंपादक, भुसावळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)